फोनमधला सहावा गठ्ठा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पत्रांच्या सदरात एका गृहस्थांचं पत्र होतं. जी माणसं फेसबुकवरच्या जुन्या पोस्ट आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसत बसतात त्यांच्या मनात काहीतरी काळंबेरं असलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ‘कर नाही त्याला डर कशाला’ हेही होतंच. मी ते पत्र वाचत होते तेव्हा माझा फोन शेजारीच चार्जिंगला लावलेला होता आणि त्यात नेमकं हेच काम अर्धवट पडलेलं होतं. त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. पत्र लांबलं तर कात्री चालवावी, हरकत नाही.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरी ३३ वर्षं, त्यातली शेवटची ११ सातारा जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. तिकडे बदली झाली तेव्हा मैत्रिणी हळहळल्या होत्या. रेकॉर्ड रूम म्हणजे धूळ, झुरळं आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली शिजणं. मला मात्र ती खोली मानवली. तिथे मी एक गोष्ट शिकले. कागद सांभाळणं जसं दप्तराचं काम, तसंच कागद नष्ट करणं हेही दप्तराचंच काम आहे, आणि दोहोंत ते जास्त अवघड आहे.

खात्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे कागदाचे वर्ग असतात. ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ‘ब’ वर्गाचा ३० वर्षं, ‘क’चा त्याहून कमी, आणि ‘ड’ वर्गाचा वर्षभर ठेवून नष्ट करायचा. टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठा पद्धत असते. पहिल्या गठ्ठ्यात चालू प्रकरणं, दुसऱ्यात उत्तराची वाट बघणारी, असं करत सहाव्या गठ्ठ्यात नष्ट करायचे कागद. पहिले पाच गठ्ठे कोणीही बांधतो. सहावा बांधायला हात होत नाही. ‘राहू दे, न जाणो साहेबांनी उद्या मागितला तर?’ या एका वाक्यावर महाराष्ट्रातली निम्मी कपाटं भरलेली आहेत. नष्ट करायचं म्हणजे उचलून फेकायचं असंही नाही. आधी यादी करायची, ती वर पाठवायची, साहेबांची सही आणायची, मग कागद फाडायचे. कोणता कागद कधी गेला याचीही नोंद राहते.

फाडायचे हे मी मुद्दाम लिहिलं. १९९८ साली, मी दुसऱ्या एका कार्यालयात लिपिक असताना, एस. टी. स्टँडवर गाडीची वाट बघत भडंग घेतलं. पुडीचा कागद उलगडला तर आतल्या बाजूला आमच्याच कार्यालयाचा गोल शिक्का. उत्पन्नाच्या दाखल्यासाठीचा अर्ज होता. अर्जदार बाई, पती मयत, मुलं तीन, व्यवसाय मजुरी, वार्षिक उत्पन्नाचा आकडा, गावाचं नाव, खाली अंगठा. आणि कोपऱ्यात तपासणाऱ्याची लघुस्वाक्षरी, ती माझी. कोणीतरी ‘ड’ वर्गाची रद्दी न फाडताच किलोवर घालून मोकळं झालं होतं. मी भडंग टाकून दिलं असं सांगितलं असतं, पण खोटं कशाला बोलू, भूक लागली होती, खाल्लं. कागद मात्र तेलाच्या डागासकट घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि घरी जाऊन बारीक बारीक फाडला. त्या बाईने काहीही वावगं केलं नव्हतं. तिला कसलाच ‘कर’ नव्हता. तरी तिची गरिबी स्टँडवर भडंगाला गुंडाळून विकली जात होती. पत्रलेखक गृहस्थांना या बाईबद्दल काय वाटतं, ते मला ऐकायला आवडेल.

एवढं सगळं शिकलेल्या मी स्वतःच्या फोनचं काय केलं, ते आता सांगते.

फेसबुकवर मुलाने मला २०११ साली खातं काढून दिलं. सुरुवातीची काही वर्षं मी दिसेल ते टाकत होते. प्रत्येक पोस्ट कोणाला दिसणार ते ठरवायची सोय असते, पृथ्वीच्या गोळ्याचं बारकं चित्र म्हणजे साऱ्या जगाला, हे मला माहीत नव्हतं. तो गोळा मला शोभेचा वाटायचा. २०१४ च्या पावसाळ्यात माझी मुलगी आठवीत होती. शाळेत तिला फिट आली. पुण्याला हलवलं. मी दवाखान्याच्या बाकावरून फोटो टाकला. ती झोपलेली, हाताला सलाईन. वर लिहिलं, ‘माझ्या बाळाला आज फिट आली, सर्वांनी प्रार्थना करा.’ दीडशेच्या आसपास लोकांनी धीर दिला. खरं सांगते, त्या रात्री मला त्या शब्दांचा आधार वाटला होता. त्यामुळे पोस्ट टाकल्याबद्दल मी स्वतःला फार झोडपत नाही. पण आधार घेऊन झाल्यावर ती काढायची असते, हे सुचलंच नाही. काही वर्षं गोळ्या चालल्या, मग डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या, मुलगी शिकली, नोकरीला लागली. पोस्ट जिथल्या तिथे.

मागच्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, एका स्थळाकडची मंडळी घरी आली. मुलगा-मुलगी पुण्यात आधी दोनदा भेटलेले, एकमेकांना पसंत. आमच्याकडचं नुसतं रीतीचं होतं. पोहे झाले, चहा आला. मुलाच्या आत्याबाई बशीत चहा ओतता ओतता अगदी सहज म्हणाल्या, “लहानपणी हिला फिट्स यायच्या ना हो ताई? मी फेसबुकवर बघितलं. तुमच्याच पोस्टवर.” आणि फोन पुढे केला. अकरा वर्षांपूर्वीची माझी मुलगी, सलाईन लावलेली, पोह्यांच्या बशांवरून या हातातून त्या हातात फिरली. मुलाची आई फोटो बोटांनी मोठा करून बघत होती. मुलाने मान खाली घातली. त्याला हे ठाऊक होतं. मुलीने दुसऱ्याच भेटीत त्याला सांगितलं होतं. त्याच्या घरच्यांना दोघांनी मिळून सांगायचं ठरलं होतं, पुढच्या आठवड्यात.

मंडळी ‘कळवतो’ म्हणून गेली. तो ‘कळवतो’ काय असतो ते मुलींच्या आयांना सांगायला नको.

रात्री ओट्यापाशी मुलगी एवढंच म्हणाली, “आई, स्थळ गेलं त्याचं काही नाही. पण ते सांगायचं होतं मी.” हिंदू विवाह कायद्यात अपस्मार, म्हणजे हाच फिटचा आजार, ही लग्नाच्या आड येणारी अट होती, ती १९९९ मध्येच काढून टाकली गेली. संसदेने जे कागदावरून पुसलं ते मी १५ वर्षांनी, पृथ्वीचा गोळा लावून, परत लिहून ठेवलं होतं.

कोणी म्हणेल, म्हणजे आजार लपवायला हवा होता का? मुळीच नाही. लग्नात लपवाछपवी मला मान्य नाही आणि मुलीलाही नाही. पण एखादी गोष्ट ज्याची त्याने सांगणं आणि ती भिंतीवर चिकटलेली सापडणं यात फरक आहे. आमच्याकडे नक्कल मागायलासुद्धा अर्ज करावा लागतो, कोण मागतंय आणि कशासाठी ते लिहावं लागतं. इथे अर्ज नाही, फी नाही, आत्याबाईंनी थेट रेकॉर्ड रूमच उघडली.

(मुलीचा आजार आता वर्तमानपत्रात लिहिते आहे, म्हणजे मी सुधारले नाही, असं वाटेल. हा मजकूर तिने आधी वाचला आहे. दोन ओळी तिने खोडल्या. त्या कोणत्या हे विचारू नये.)

जूनमध्ये मी कामाला बसले. मुलाचा जुना लॅपटॉप घेतला, कारण फोनवर हे काम करताना डोळे जातात. पहिल्यांदा फेसबुककडून माझ्या सगळ्या माहितीची प्रत उतरवून घेतली; तशी सोय आहे, मागणी नोंदवायची आणि काही वेळाने सगळं एकत्र मिळतं. नष्ट करण्याआधी ताबा घ्यावा, ही खात्याची सवय. मग सेटिंगमध्ये जाऊन जुन्या पोस्ट एकदम फक्त मित्रयादीपुरत्या करून टाकल्या. हे एका फटक्यात होतं, आणि ज्यांना बाकी काही करायचा कंटाळा आहे त्यांनी निदान एवढं तरी करावं. मात्र माझ्या मित्रयादीत ६१२ माणसं. त्यातल्या निम्म्यांना मी रस्त्यात ओळखणार नाही. एक तर चक्क आमच्या गॅसवाल्याचा मेव्हणा निघाला.

मग एकेक वर्ष उघडून वर्ग पाडायला घेतले. ‘अ’मध्ये वडिलांच्या पंचाहत्तरीचे फोटो. ‘ब’मध्ये बदलीचा निरोपसमारंभ वगैरे. ‘ड’ची यादी वाचून मलाच घाम फुटला. मुलीची दहावीची गुणपत्रिका, बैठक क्रमांकासकट. मुलाच्या नव्या मोटारसायकलचा फोटो, नंबरप्लेट स्पष्ट. ‘आम्ही सगळे चारधामला निघालो, १८ दिवस’ अशी सातारा रोड स्टेशनवरून टाकलेली घोषणा, म्हणजे घर बंद असल्याचं चोरांना लेखी कळवणं. सासूबाईंच्या ८० व्या वाढदिवसाला त्यांची जन्मतारीख. जाऊबाईंशी बिनसलं होतं त्या काळात टाकलेले पाच-सहा सुविचारवजा टोमणे. (जाऊबाईंनी त्या वेळी त्यातल्या दोनांना लाइक दिलं होतं, हे आता दिसलं.) पुसलेली पोस्ट लगेच जात नाही, ती ३० दिवस कचरापेटीत राहते आणि मग कायमची जाते. ही मुदत मला पटली. आमच्याकडेही यादीवर सही झाल्यावर कोणी लगेच काडी लावत नाही.

हा सगळा उद्योग माझ्या एकटीच्या ताब्यातल्या मूळ प्रतींचा झाला. नकलांचं काय? दुसऱ्याने टाकलेल्या फोटोला माझं नाव जोडलेलं असेल तर मी फक्त नाव काढू शकते, फोटो त्याचा त्याच्या भिंतीवर राहतो. कोणी स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल तर ती साक्षांकित नक्कलच म्हणायची, आणि ती कोणाच्या कपाटात आहे याची नोंदवही कुठेच नाही. सगळ्यात वाईट अवस्था लग्नाच्या बायोडाट्यांची. मुलीचा बायोडाटा मी नऊ वधू-वर ग्रुपवर टाकला होता. त्यात जन्मतारीख, वेळ, ठिकाण, उंची, पगार, वडिलांचं गाव, घरचा पत्ता, माझा मोबाइल. चोरट्याला याहून जास्त काय लागतं? मुलीने सध्या स्थळं बघायची नाहीत असं ठरवल्यावर मी नऊही ग्रुपवर नम्र विनंती टाकली, की बायोडाटा आपापल्या फोनमधून काढून टाकावा. चार नमस्कार आले, बरेच अंगठे आले, आणि एका काकांनी उलट टपाली लिहिलं, ‘मुलगी छान आहे, पत्रिका पाठवा.’

आधारकार्डाची कथा आणखी निराळी. व्हॉट्सॲपवर शोधलं तर माझ्या आधारचा फोटो मी ११ जणांना पाठवलेला निघाला. यात्रा कंपनीवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, विम्याचा एजंट, सिमकार्डवाला पोरगा, आणि का कोण जाणे, ब्लाउज शिवणाऱ्या ताई. (पार्सल घ्यायला लागेल म्हणून.) पाठवलेला मेसेज ‘सगळ्यांसाठी’ पुसायची सोय आहे, पण तिला मुदत आहे. २०१७ साली ती आली तेव्हा अवघी ७ मिनिटं होती, आता दोन दिवसांपेक्षा थोडी जास्त आहे. मुदत टळली की माझ्याकडचं जातं, समोरच्याकडचं राहतं. तेव्हा मी एकेकाला फोन लावले. यात्रावाले हसले. “मॅडम, माझ्याकडे पाच हजार माणसांची आधारं आहेत, तुमचं एकटं कुठं शोधू?” हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं, जणू अडचण त्यांची आहे. ब्लाउजवाल्या ताईंनी मात्र माझ्यासमोर फोन धरून पुसलं आणि पुसल्याचं दोनदा दाखवलं. आता मी मास्क केलेलं आधार पाठवते, ज्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे ४ दिसतात. आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून ते उतरवता येतं. बहुतेक ठिकाणी चालतं. जिथे ‘हे चालत नाही’ म्हणतात तिथे मी ‘कोणत्या नियमाने?’ असं विचारते. निवृत्त महसूल कर्मचाऱ्याच्या आवाजातला तो प्रश्न अजून काम करतो.

खाजगी मेसेजबद्दल लिहायचं तर एका मैत्रिणीचं लिहायला हवं. आमची टेबलं शेजारी होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती कोविडने गेली. त्याआधी तीन-चार वर्षं ती रात्री उशिरा मला मेसेज करायची, घरातलं सगळं. तिला बोलायला दुसरी जागा नव्हती. ती गेल्यावर ते सगळं माझ्या फोनमध्ये तसंच राहिलं. मला वाटायचं, आठवण आहे. गेल्या दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं, माझा आठ वर्षांचा नातू फोनवर गेम शोधत होता. मोठ्याने म्हणाला, “आजी, ‘आज परत पिऊन आला’ म्हणजे काय पिऊन आला?” नुकतंच वाचायला लागलेलं पोर, मराठी दिसेल ते वाचतं. खोलीत त्या मैत्रिणीच्या सासरच्या ओळखीची दोन माणसं बसलेली होती. मी काहीतरी सरबताचं बोलून वेळ मारली. पण ती दोघं एकमेकांकडे बघत राहिली ते मी पाहिलं.

तिने हे मला विश्वासाने सांगितलं होतं, माझ्या नातवाला नाही. मी त्या रात्री सगळं संभाषण पुसलं. एक ४० सेकंदांचा आवाज तेवढा ठेवला. हुलग्याच्या माडग्याची कृती सांगता सांगता ती स्वतःच्याच कुठल्याशा चुकीवर हसत सुटते, कृती अर्धवटच राहते. तो ‘अ’ वर्ग.

पुढची गंमत म्हणजे डिसेंबरमध्ये फोन बदलला, दुकानातल्या मुलाने जुना बॅकअप चढवला, आणि ते सगळे मेसेज परत आले. रात्री साडेअकराला फोन उघडते तर ‘झोपलीस का ग?’ मी हबकून फोन पालथा ठेवला. फोनमधलं पुसलं तरी गूगलच्या खात्यात ठेवलेली प्रत वेगळी असते, ती जुनी असेल तर तिच्यात सगळं तसंच असतं. शिवाय व्हॉट्सॲपचे मेसेज वाटेत कुलूपबंद असले तरी ही ठेवलेली प्रत आपण स्वतः कुलूप लावल्याशिवाय तशी नसते. २०२१ पासून ते कुलूप मिळतं, पण ते आपलं आपण चालू करायचं. आता केलं आहे. आणि मेसेज परत पुसले. दुसऱ्यांदा पुसताना पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण या वेळी मी ते वाचले.

घरच्या ग्रुपवर मी ९० दिवसांनी मेसेज आपोआप नाहीसे व्हायची सोय लावली. २४ तास, ७ दिवस आणि ९० दिवस अशा तीन मुदती असतात. मी सगळ्यात सैल घेतली. तरी धाकट्या भावजींचा फोन आलाच. “वहिनी, आमच्या गुड मॉर्निंगलापण तुम्ही मुदत घातली होय?” त्यांना सांगितलं, भावजी, तुमचं गुड मॉर्निंग ‘ड’ वर्गातच बसतं. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कमळाच्या फुलावर सूर्य उगवला, म्हणजे सगळं सुरळीत आहे.

आता कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमुखाने सांगितलं. ती याचिका निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांची. मग २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदा झाला. त्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे यात्रावाल्यांना त्यांची पाच हजार आधारं कधीतरी शोधावी लागणार. पण कायदा नीट वाचला तर त्यात दोन खिडक्या उघड्या आहेत. जी माहिती तुम्ही स्वतः होऊन जगजाहीर केली तिला हा कायदा लागू नाही. आणि कोणी आपल्या घरगुती, वैयक्तिक कामासाठी तुमची माहिती बाळगली तर त्यालाही नाही. माझी २०१४ ची पोस्ट पहिल्या खिडकीतून बाहेर गेली आणि आत्याबाई दुसऱ्या खिडकीत बसल्या होत्या. पुसायचं काम, निदान इतक्यापुरतं, आपलं आपल्यालाच करावं लागणार आहे.

एक इशारा द्यायलाच हवा, नाहीतर माझं पत्र वाचून कोणीतरी भलतंच करील. न्यायप्रविष्ट प्रकरणातला कागद कोणत्याही वर्गाचा असो, त्याला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. धमकीचे मेसेज, उसन्या पैशांचे, छळाचे, ऑनलाइन फसवणुकीचे, यातलं काहीही पुसू नका. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर फोन करा आणि मेसेज तसेच ठेवा. पुरावा म्हणून सादर व्हायची शक्यता असलेली नोंद ती सादर होऊ नये म्हणून नष्ट करणं हा गुन्हा आहे, आणि त्यात फोनमधली नोंदही येते. पत्रलेखक गृहस्थांना ज्यांची काळजी आहे ते हे लोक. त्यांच्यासाठी कलम आहे, बाकीच्यांवर संशय घ्यायला नको.

त्यांच्या बाजूचा एकच मुद्दा मला खरोखर अडवतो, आणि तो त्यांनी लिहिलेला नाही, तेव्हा मीच लिहिते. २०२३ च्या शेवटाला मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर निघालं. मी तेव्हा निवृत्त झालेले, पण जुन्या माणसांना माहीत असतं कुठलं कपाट कुठं आहे, म्हणून दोन-चार वेळा बोलावणं आलं. मोडी वाचणाऱ्यांची टंचाई, कोतवाल बुकांची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांची, पानं हाताला लागताच तुटणारी. शंभर वर्षं ज्याला कोणी विचारलं नाही असा एक शब्द, कुण्या पणजोबाच्या नावापुढचा, सापडला की बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या घराचे डोळे भरून यायचे. माझ्यासारख्या कोणा हौशी कारकुनाने तेव्हा तो गठ्ठा ‘ड’मध्ये टाकला असता तर? हा प्रश्न मला झोपू देत नाही, आणि फेसबुकवर काही पुसताना दर वेळी बोट अडतं ते यामुळेच. म्हणून मी सगळ्याची प्रत एका पेनड्राइव्हमध्ये घातली आहे आणि तो स्टीलच्या डब्यात, दागिन्यांच्या पावत्यांबरोबर ठेवला आहे. माझ्या पणतीला काही शोधायचं असेल तर तिने डबा उघडावा. आत्याबाईंनी उघडू नये.

२०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टपायी अटक झाली होती. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६-अ कलमाचा त्यावरून एवढा गवगवा झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या मार्चमध्ये रद्द केलं. अटकेच्या त्या दिवसांत आमच्या कार्यालयातले निम्मे लोक जेवणाच्या सुट्टीत आपापली लाइकं काढत बसले होते. त्यांच्यातला एकही गुन्हेगार नव्हता. एक तर साईबाबांच्या फोटोचं लाइक काढत होता. घाबरलेल्या माणसाला कुठे थांबायचं ते कळत नाही, म्हणून तर सवड असताना, शांतपणे, यादी करून हे काम करावं.

आपल्याला एक विनंती आहे. २०१३ साली एका दैनिकाने (आपल्या नव्हे) माझं पाणीपट्टीबद्दलचं पत्र छापलं होतं, खाली पूर्ण नाव, घर क्रमांक आणि मोबाइलसकट. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, कात्रण अजून आहे. पण ते पान इंटरनेटवरही आहे आणि नाव टाकलं की पहिल्यांदा तेच वर येतं. मी त्यांना दोन पत्रं आणि तीन ईमेल पाठवले. उत्तर नाही. तेव्हा आपण वाचकांच्या पत्रांखाली नाव आणि गाव यापलीकडे काही छापू नये, आणि कोणी जुना पत्ता काढायला सांगितला तर तो निदान इंटरनेटवरच्या पानावरून झाकावा. छापील अंकाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो आतापर्यंत कोणाच्या तरी फडताळात अंथरला गेला असेल.

माझं नाव, पत्ता आणि फोन वेगळ्या कागदावर जोडले आहेत, आपल्या खात्रीसाठी. ते छापू नयेत. पत्र प्रसिद्ध झालं किंवा साभार परत करायचं ठरलं, की तो कागद ‘ड’ वर्गात घालावा आणि वर्षभराने फाडावा. किलोवर घालू नये.

आपली,
एक निवृत्त अव्वल कारकून,
जि. सातारा